‘बुद्ध्यांक ६४’ म्हणजे नेमके काय? चाचणी, दाखला आणि आपल्या वस्तीतली मुले

खडकी, बोपोडी, दापोडी या पट्ट्यात काम करताना पालक आमच्याकडे जे कागद घेऊन येतात, त्यात हल्ली एक कागद वारंवार दिसतो. वर कुठल्यातरी केंद्राचे नाव, खाली एक आकडा, म्हणजे बुद्ध्यांक ६४, ५८ किंवा ७१, आणि त्याखाली इंग्रजीत दोन-तीन ओळी. पालकांना त्यातले काहीच कोणी समजावून सांगितलेले नसते. शाळेने सांगितले म्हणून चाचणी केली आणि आता शाळा म्हणते, ‘याला विशेष शाळेत घाला.’ काही घरांत चित्र बरोबर उलटे असते. मूल दहा वर्षांचे झाले तरी शर्टाचे बटण लावता येत नाही, पण ‘होईल हळूहळू’ म्हणून एकही तपासणी झालेली नाही. मुलगी असेल तर बहुधा नाहीच.

ही दोन्ही घरे आपलीच आहेत. बुद्धिमापन म्हणजे काय, त्यासोबत आणखी कोणती तपासणी व्हायलाच हवी, त्यातून कोणता हक्क मिळतो आणि त्या आकड्यावर किती विसंबायचे, हे विहारात, अभ्यासिकेत, मंडळात बसणाऱ्या तरुणांना माहीत असले पाहिजे. कारण पालक डॉक्टरच्या आधी यांच्याकडेच येतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. त्यातल्या बौद्धिक अक्षमतेची व्याख्या वाचली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. व्याख्येत दोन बाजू आहेत. एक, विचार करणे, शिकणे, प्रश्न सोडवणे यातली लक्षणीय मर्यादा. दुसरी, रोजच्या जगण्यात लागणाऱ्या सामाजिक आणि व्यावहारिक कौशल्यांतली मर्यादा. दोन्ही लागतात. पहिली बाजू बुद्ध्यांकाच्या चाचणीतून तपासतात. दुसऱ्या बाजूला मानसशास्त्रात अनुकूली वर्तन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर, मूल घरात, गल्लीत, बाजारात, शाळेत स्वतःचे स्वतः किती निभावते. फक्त पहिली तपासणी करून कोणी मुलाला ‘मतिमंद’ ठरवत असेल, तर तो निष्कर्ष कायद्याच्या व्याख्येलाच धरून नाही. आमच्याकडे आलेल्या कित्येक कागदांत दुसऱ्या तपासणीचा उल्लेखसुद्धा नसतो.

आकडा येतो कुठून

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली उपयोगी चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जादा मदत द्यावी, हा तिचा हेतू होता. मूल आयुष्यभरासाठी मोजून ठेवावे असे बिनेला वाटत नव्हते. ती चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा सूर बदलला. तिथे ती ‘कमी बुद्धीचे’ लोक वेगळे काढण्याचे हत्यार बनली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा वैध ठरवला, तो याच वातावरणात.

आपल्याकडे हे काम मराठी आणि कानडी मुलांवरच झाले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, बिनेच्या चाचणीची मराठी आणि कानडी आवृत्ती बसवली. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. ‘बिने-कामत’ या नावाने ती चाचणी आजही सरकारी रुग्णालयांत वापरात आहे. तीन ते बावीस वर्षे वयापर्यंत ती देता येते. दुसरे नाव ए. जे. मालिन यांचे. नागपूर म्हटले की आपल्याला १९५६ आठवते, पण भारतातल्या लाखो मुलांच्या कागदांवर ज्या दोन चाचण्यांची नावे असतात त्याही नागपुरातच घडल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मालिन यांनी वेक्स्लरच्या चाचणीची भारतीय आवृत्ती १९६९ साली केली, तिला ‘मिसिक’ म्हणतात. आणि एडगर डॉल यांच्या वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपही त्यांचेच. ही दुसरी श्रेणी या लेखात महत्त्वाची आहे.

बिने-कामतचा हिशेब सोपा आहे. दहा वर्षांच्या मुलाने साधारण सहा वर्षे पाच महिन्यांच्या मुलाइतके प्रश्न सोडवले, तर ७७ महिने भागिले १२० महिने गुणिले १००, म्हणजे सुमारे ६४. मिसिकमध्ये शब्द, आकडेमोड, साम्य ओळखणे असे तोंडी भाग असतात, तसेच ठोकळे जुळवणे, अपुरे चित्र पुरे करणे, चक्रव्यूहातून वाट काढणे असे हाताने करायचे भागही असतात. इथे १०० ही सरासरी धरलेली असते. ७० च्या खाली शंभरातली दोन-तीनच मुले येतील अशी आखणी असते.

कुठलीही चाचणी अगदी नेमका आकडा देत नाही. चार-पाच गुण इकडे-तिकडे हे गृहीतच असते. म्हणजे कागदावरचा ६८ प्रत्यक्षात ६४ असू शकतो आणि ७२ सुद्धा. चांगला मानसशास्त्रज्ञ अहवालात एक आकडा न देता पट्टा देतो. आमच्या अनुभवात असे अहवाल कमी येतात.

वाइनलँड श्रेणीत मुलाला प्रश्न विचारत नाहीत. आई-वडिलांशी किंवा सांभाळणाऱ्याशी बोलून ती भरतात. एकूण ८९ बाबी आहेत आणि त्या आठ भागांत वाटल्या आहेत : स्वतःची सामान्य कामे, खाणे, कपडे घालणे, स्वतःचे निर्णय आणि पैशाचा व्यवहार, हाताला काम, बोलणे-कळवणे, ये-जा करणे, माणसांत मिसळणे. मूल स्वतःच्या हाताने नीट जेवते का, एकटे रस्ता ओलांडून दुकानात जाते का, पैसे सांभाळते का, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबते का. यातून ‘सामाजिक वय’ निघते आणि त्याला खऱ्या वयाने भागून सामाजिक गुणांक काढतात.

आता खडकी बाजारातला एक मुलगा डोळ्यासमोर आणा. वय दहा. शाळेत वाचता येत नाही, फळ्यावरचे उतरवता येत नाही, बुद्ध्यांक ६४ आला. पण संध्याकाळी आईच्या भाजीच्या गाडीवर तो अर्धा किलो, पावशेरचा हिशेब करून सुट्टे परत देतो, लहान बहिणीला अंगणवाडीतून आणतो, गिऱ्हाईक चिडले तर समजूत काढतो. त्याचा सामाजिक गुणांक ८० च्या पुढे येईल. मग त्याला बौद्धिक अक्षमता आहे का? व्याख्येनुसार नाही. त्याला ऐकू नीट येते का, दिसते का, वाचनाची अध्ययन अक्षमता आहे का, की तिसरीपर्यंत त्याला कोणी वाचायला शिकवलेच नाही, हे शोधावे लागेल.

अशी मुले अमेरिकेतही होती. १९६९-७० च्या सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीने त्यांना नाव दिले, ‘सहा तासांचा मतिमंद’. शाळेच्या सहा तासांत मंद, उरलेल्या अठरा तासांत चारचौघांसारखा. अशी मुले प्रामुख्याने काळ्या आणि गरीब वस्त्यांतली होती. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या काळ्या पालकांनी १९७१ साली खटला भरला. बुद्ध्यांकाच्या जोरावर आमची मुले मंदबुद्धी वर्गात टाकली जातात, ही त्यांची तक्रार. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी निकाल दिला की अशा वर्गात टाकण्यासाठी कॅलिफोर्नियाने काळ्या मुलांवर या चाचण्या वापरू नयेत. ‘लॅरी पी.’ या नावाने तो खटला ओळखला जातो. आपल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो वाचावा. आपल्याकडे कोणत्या जातीची किती मुले विशेष शाळांत पाठवली जातात, असा प्रश्न अजून न्यायालयात ठामपणे कोणी विचारलेला आमच्या पाहण्यात नाही.

चाचणीच्या खोलीत जात येते का

येते, आणि हे प्रयोगाने दाखवलेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. २००४ आणि २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांत फरक आढळला नाही. नाव, गाव, जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली आणि मोठे अंतर पडले. तीच मुले, तेच कोडे.

म्हणून चाचणीच्या आधी मुलाशी कोण कसे बोलले, याला किंमत आहे. ‘कुठल्या वस्तीतला रे तू?’ हा प्रश्न निरागस नसतो. भाषेचेही तेच. खडकी कॅन्टोन्मेंटची वस्ती मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशी मिसळलेली आहे. घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि चाचणी पुस्तकी मराठीत. मूल ‘साम्य’ या शब्दालाच अडते, विचाराला नाही. अशा वेळी भाषेवर कमी अवलंबून असलेली चाचणी मागता येते. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये अशिक्षित भारतीयांनाही देता येईल असा हाताने करायच्या कामांचा संच केला होता. रेव्हनचे आकृत्यांचे कोडे १९३८ पासून आहे. आकृत्यांवरही शाळेच्या सवयीचा परिणाम होतोच, पण निदान शब्दांचा अडसर कमी होतो.

जुन्या चाचण्यांबद्दल आपल्या कार्यकर्त्यांत एक समज आहे की त्या नेहमी आपल्या मुलांना कमी दाखवतात. गोष्ट इतकी सरळ नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवले की पिढ्यानपिढ्या चाचण्यांवरचे गुण वाढत जातात. अमेरिकेत दर दहा वर्षांना साधारण तीन गुण. म्हणजे १९३० च्या दशकातल्या मुलांशी तुलना केली तर आजच्या मुलाचा आकडा फुगून येऊ शकतो. परिणाम? ज्या मुलीला खरोखर मदतीची गरज आहे तिचा बुद्ध्यांक ७४ येतो आणि ‘सर्वसाधारणच्या जवळ’ म्हणून तिला परत पाठवतात. चूक दोन्ही बाजूंनी होते. एका बाजूने शिक्का बसतो, दुसऱ्या बाजूने हक्क बुडतो.

बुद्धी वंशाने येते आणि जाती त्यानुसार बनल्या, या युक्तिवादाला बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ मध्येच उत्तर दिले आहे, तेही त्या काळच्या सुप्रजननशास्त्राची भाषा घेऊन. त्यामुळे आपल्या तरुणांना बुद्ध्यांकाचा राग येणे स्वाभाविक आहे. मात्र त्या रागातून ‘हे सगळे त्यांचे थोतांड, आपण चाचणीच करायची नाही’ असा जो सूर काही बैठकांत लागतो, त्याला आमचा विरोध आहे. तो सूर लावणाऱ्याच्या घरात सहसा असे मूल नसते. ज्या आईच्या घरात आहे तिला दाखला हवा आहे, थेरपी हवी आहे आणि आपल्यामागे मुलाचे काय, याचे उत्तर हवे आहे. चाचणी नाकारून यातले काहीच तिच्या हाती येत नाही. चाचणी नीट व्हावी, दोन्ही बाजूंनी व्हावी, अहवाल समजेल अशा भाषेत मिळावा, ही मागणी जास्त अवघड आणि जास्त उपयोगाची आहे.

दाखला, शाळा आणि टक्के

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी बुद्ध्यांकावरून नव्हे, वाइनलँडच्या गुणांवरून काढायची असे ठरले. ५५ ते ६९ असेल तर सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ मध्यम, ७५ टक्के. २१ ते ३५ तीव्र, ९० टक्के. २० किंवा कमी असेल तर १०० टक्के. ७० ते ८४ ला सीमारेषेवरचे, २५ टक्के. बहुतेक सवलती आणि आरक्षण ४० टक्क्यांपासून सुरू होतात. २०२४ मध्ये या सूचना सुधारल्या गेल्या, म्हणून रुग्णालयात गेल्यावर सध्या कोणती पद्धत लागू आहे ते विचारून घ्यावे. पण एवढ्यावरून लक्षात येईल की ज्या तपासणीला केंद्रे दोन मिनिटांत उरकतात, तिच्यावरच सगळे टक्के उभे आहेत. भाजीच्या गाडीवरच्या त्या मुलाला या हिशेबाने फार तर २५ टक्के मिळतील. म्हणजे सवलत नाही, पण विशेष शाळेचा शिक्का मात्र आहे. आम्हाला चीड येते ती इथे.

आईने काय सांगायचे? जे खरे ते. लाजेपोटी ‘सगळे करतो’ म्हणणाऱ्या आया असतात, आणि कोणी शिकवून ठेवले म्हणून ‘काहीच करत नाही’ म्हणणाऱ्याही असतात. कार्यकर्त्याने आदल्या आठवड्यात घरी बसून मूल सकाळपासून रात्रीपर्यंत काय स्वतः करते, कशाला हात द्यावा लागतो, हे वहीत लिहून घ्यावे. ‘कधी कधी करतो’ हेही लिहावे. ही वही चाचणीच्या दिवशी फार कामाला येते.

त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. ऐकू कमी येणारे मूल ‘मंद’ ठरल्याची उदाहरणे कमी नाहीत. जन्माच्या वेळी उशिरा रडणे, कावीळ, फिट येणे याचे जुने कागद असतील तर सोबत घ्यावेत. खडकीतून औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ पडते. ससूनला लोकलने पुणे स्टेशनपर्यंत जाऊन पायी पोहोचता येते. अर्ज आधी ‘युडीआयडी’च्या संकेतस्थळावर भरायचा असतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाला ‘विकासातील एकंदर विलंब’ असे निदान देतात, पाच वर्षांनंतर बौद्धिक अक्षमतेचे. लहान वयात लक्षात आले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाला दाखवावे. २०१३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि वाढीतला विलंब ओळखणे हा त्याचा एक भागच आहे.

खासगी केंद्रात चाचणी केली असेल तर अहवालाखाली सही करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. कोणती चाचणी, कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेला, आणि वर्तनाची तपासणी कोणाच्या सांगण्यावरून, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे. दाखला चुकीचा वाटला तर दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे.

शाळेबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायची. ४० टक्क्यांवर दिव्यांगता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड त्याची आहे. कलम ३१ तसे म्हणते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापक ‘दाखला काढून न्या’ म्हणाले तर ते लेखी मागावे. लेखी मागितल्यावर सूर बदलतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. विशेष शाळा वाईट असतात असे मात्र मुळीच नाही. पुण्यात ‘कामायनी’सारख्या संस्थांचे काम अनेक दशकांचे आहे, आणि काही मुलांना तिथेच फुलताना आपण पाहतो. पालकांना ढकलून तिथे पाठवले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती आहेत. त्या कोण घेते ते पाहिले तर प्रश्न पुन्हा आपल्यापाशी येतो. कोथरूड-औंधच्या इंग्रजी शाळेत वाचनाला अडणाऱ्या मुलाला ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात आणि जादा वेळ मिळतो. आपल्या वस्तीत त्याच अडचणीला ‘ढ’ म्हणतात.

मोठ्यांचे काय

अठरा वर्षांनंतर विषय संपतो असे पालकांना वाटते. उलट तिथून कागदोपत्री अडचणी वाढतात. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठीही दाखला लागतो. याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. मोठ्या माणसाची तपासणी करताना भावंडे, शेजारी यांनाही विचारावे लागते, कारण आई वारलेली असते आणि लहानपणी काय होते ते सांगणारे कोणी उरलेले नसते. लहानपणचे शाळेचे जुने निकालपत्रक अशा वेळी सोन्यासारखे.

खडकीत याला आणखी एक बाजू आहे. दारूगोळा कारखाना इथे १८६९ पासून आहे आणि आपल्या कित्येक घरांच्या दोन-तीन पिढ्या तिथे, उच्चस्फोटक कारखान्यात आणि लष्करी वर्कशॉपमध्ये राबल्या. १ ऑक्टोबर २०२१ ला कारखान्याचे ‘म्युनिशन्स इंडिया’ कंपनीत रूपांतर झाले, पण जुन्या पेन्शनवर निवृत्त झालेले कामगार वस्तीत भरपूर आहेत. केंद्राच्या पेन्शन नियमांनुसार, मानसिक किंवा शारीरिक दिव्यांगतेमुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पंचवीस वर्षांनंतरही, आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वडील गेले, आई पेन्शनवर आहे, घरात चाळिशीची बहीण आहे जिची कधी तपासणीच झाली नाही, अशी घरे आमच्या माहितीत आहेत. आई आहे तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. आई गेल्यावर भाऊ कागद घेऊन धावतो आणि ‘ही आधीपासून अशी होती’ हे सिद्ध करायला हाती काहीच नसते.

ज्यांच्या शेजारी असे घर असेल त्यांनी आईला या महिन्यातच औंधला किंवा ससूनला न्यावे. मुलीचा दाखला झाला की निवृत्त कामगाराच्या जुन्या कार्यालयाला अर्ज देऊन पेन्शनच्या कागदांत तिचे नाव दिव्यांग अपत्य म्हणून घालून घ्यावे. सोबत पालक म्हणून कोण राहील, भाऊ की वहिनी की आत्या, हेही घरात बसून आईच्या हयातीतच ठरवून लिहून ठेवावे. या कामात मुलीला काय वाटते, ती कोणाजवळ राहायला तयार आहे, हे तिलाही विचारावे. तिला सांगता येते.